हॉलिसच्या नावाने

टेम्पल, टेक्सस
मे २००१

प्रिय रोनेल,

पाकिटावर माझं नाव वाचून तू घाबरली असशील, म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो: तुझी आई ठणठणीत आहे. काल सकाळी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ती शिडीवर चढून पन्हळीत साचलेली पानं काढत होती आणि मी खाली शिडी धरून उभा होतो. मी चढतो म्हटलं तर वरूनच म्हणाली, "तू पडलास तर स्टील गिटार कोण वाजवणार? गाणाऱ्या काय, पैशाला पासरी मिळतात." तेव्हा काळजी करू नकोस, हातातलं काम टाकून फोनकडे धावू नकोस, खुर्ची ओढून घे आणि सावकाश वाच.

मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. उत्तर हो किंवा नाही एवढंच हवं, पण ते तुझं हवं, आणि त्याच्यावर तुझ्या आईचं आणि माझं पुढचं सगळं अवलंबून आहे. प्रश्न मी शेवटी विचारणार आहे. आधी विचारला तर तू उरलेलं पत्र वाचणार नाहीस आणि उत्तर काय देशील याचाही मला थोडाफार अंदाज आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मी हवापाण्यावर येतो आणि तिथेच रुतून बसतो. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. पेटी उघडायची, दिव्याखाली धरायची आणि नक्की कुठली तार सुटलीय ते शांतपणे बघायचं, एवढंच मला जमतं. लिहिताना तसा वेळ मिळतो.

तशी आपली ओळख नावापुरतीच. नाताळात तू ओरेगनहून येतेस तेव्हा मी मुद्दाम बहिणीकडे ह्यूस्टनला जातो, म्हणजे तुम्हा मायलेकींना स्वयंपाकघर मोकळं मिळतं. दोन-तीनदा तरीही दारात गाठ पडली. तेव्हा तू "कसे आहात, मिस्टर कुबेना?" एवढं विचारून ओव्हनमध्ये काहीतरी बघायला निघून गेलीस. तुला कल्पना नसेल, पण मला ते फार बरं वाटायचं. आमच्या नाचाच्या झेलेन्का हॉलशी ज्यांचा ज्यांचा संबंध आला त्यांच्यात माझं खरं नाव घेणारी तू एकटी होतीस. रागाने का होईना.

तो राग कुठला हे मला ठाऊक आहे, कारण तो जन्मला तेव्हा मी तिथेच होतो. तू आठ वर्षांची होतीस. तुला त्यातलं काय आठवतं आणि काय नंतर मनाने भरलं हे मी कसं सांगणार? मी माझ्या बाजूने सांगतो. तुझी बाजू तुला हवी तेव्हा सांग, मी ऐकेन.

तुझ्या वडिलांना मी बघण्याआधी कितीतरी वर्षं ऐकलं होतं. आमचं कापसाचं शेत होतं. भर दुपारी पिठाच्या एका गिरणीने जाहिरातीसाठी चालवलेला गाण्यांचा कार्यक्रम रेडिओवर लागायचा आणि माझी आई रेडिओ खिडकीत आणून ठेवायची, म्हणजे शेतात आम्हाला ऐकू यावा. तुझी आई गायची. ठेक्याच्या किंचित मागून यायची ती, घाई नाही, गडबड नाही, सगळं जग थांबणार आहे याची खात्री असल्यासारखी. मग कडवं संपलं की ती हाक मारायची, "घे, हॉलिस!" आणि तुझ्या वडिलांची स्टील गिटार सुरू व्हायची. आमच्या वडिलांना पोल्का सोडून दुसरं संगीत मान्य नव्हतं. तेही फावड्यावर हनुवटी टेकून ऐकायचे आणि संपल्यावर म्हणायचे, "छ्या, ही काय गाणी." मी हायस्कूलला जाईपर्यंत कपाटाच्या फळीवर तारा ताणून हॉलिस क्राउडरचं एकेक वाजवणं बसवलं होतं. त्यांच्या प्रत्येक वाजवण्याच्या शेवटी एक चार सुरांची शेपटी असायची, अगदी निघता निघता, दारातून मागे वळून टोपीला हात लावल्यासारखी. ती मला बसवायला दोन हिवाळे लागले.

तुझे वडील गेले त्याला तीन आठवडे झाले होते तेव्हा फ्लॉइड टीग माझ्या दुकानात आला. तोच आपला फ्लॉइड, फिडलवाला, तुला खिशातून पेपरमिंट काढून द्यायचा तो. काउंटरवर हात टेकून म्हणाला, "शनिवारी झेलेन्का हॉलला नाच आहे. स्टीलला माणूस नाही. येशील?" मी म्हटलं, "लोक काय म्हणतील? इतक्या लवकर?" त्यावर फ्लॉइड म्हणाला, "लोक नाचायला येणार आहेत. आणि मिस वेल्डाने सांगितलंय, नवा माणूस जो असेल त्याने काळा कोट घालून येऊ नये." तुझ्या आईला बँडमध्ये सगळे मिस वेल्डाच म्हणायचे. मी माझा एकुलता एक कोट घरी ठेवला आणि निळ्या शर्टावर गेलो.

तू भिंतीजवळच्या बाकावर गोधडी टाकून बसली होतीस, बाकीच्या पोरांसारखी. मांडीवर लिंबाच्या पाईची बशी होती. नाचणारे गोल फिरत होते, डावीकडे वळत वळत, पाय सरकावेत म्हणून जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरलेलं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच विचार होता की बाई गाईल की कोसळेल. ती गायली. पहिलं कडवं झाल्यावर तिने फ्लॉइडला हाक मारली, फ्लॉइडने वाजवलं. दुसरं कडवं संपलं, ती माझ्या बाजूला वळली, डोळे मिटलेले होते आणि तोंडातून गेलं, "घे, हॉलिस!"

रोनेल, तू बँडवाल्यांची मुलगी आहेस. आमच्यात हाक म्हणजे काय हे तुला सांगायला नको. कुणी काय वाजवायचं हे कुठे लिहिलेलं नसतं, गाणारा ज्याचं नाव घेईल ते कडवं त्याचं, आणि नाव घेतलं नाही त्याने गप्प बसून ठेका धरायचा. तिथे ते नाव हवेत होतं. समोर जेवढी माणसं फिरत होती तेवढी सगळी तीन आठवड्यांपूर्वी कबरीपाशी उभी होती. फ्लॉइडचा गज थांबला. तुझ्या आईने डोळे उघडले आणि तिला कळलं आपण काय बोललो. तिचा चेहरा मी बघितला. मी वाजवलं नसतं तर ते नाव सगळ्यांच्या पायाखाली पडलं असतं आणि मग ती त्या मंचावर पुन्हा कधी चढली नसती. हे मला तेव्हा इतकं सुचलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. मला एवढंच वाटलं की हाक आली आहे आणि कुणीतरी उत्तर दिलं पाहिजे. मी वाजवलं. जमेल तसं माझं वाजवलं आणि शेवटी त्यांची ती शेपटी लावली, कारण ती नसती तर तुझ्या आईला पुढचं कडवं कुठे उचलायचं ते कळलं नसतं.

तू उठलीस. बशी खाली ठेवलीस, नीट, न सांडता. नाचणाऱ्यांच्या मधून सरळ मंचापाशी आलीस आणि मोठ्याने म्हणालीस, "ते माझे डॅडी नाहीत." मग दाराबाहेर जाऊन गाडीत बसलीस. त्यानंतर तू त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं नाहीस. शनिवारी तुला वेकोच्या मावशीकडे पोचवायचं हे तेव्हापासून ठरून गेलं. तू म्हणालीस ते खरंच होतं आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मधल्या सुटीत तुझ्या आईने गाडीच्या काचेवर किती वेळ टकटक केलं हे तुला आठवत असेल किंवा नसेल. मला आठवतं.

ती परत आत आली तेव्हा मला विचारलं, "तुझं नाव काय म्हणालास?" मी म्हटलं, एमिल. "एमिल, माझी चूक झाली." मी म्हटलं, "तुम्ही हाक मारलीत, मी वाजवलं. त्यात काय एवढं." पुढच्या शनिवारी तिने आठवणीने माझं नाव घ्यायचा प्रयत्न केला. कडवं संपलं, ती वळली, ओठ हलले आणि काही बाहेरच आलं नाही. ठेका घसरला. नाचणारे एकमेकांवर आपटले, सिकोरांची म्हातारी तर जवळजवळ पडलीच. सुटीत मी तिला म्हटलं, "मिस वेल्डा, तुमच्या तोंडात जे बसलंय ते म्हणा. मला चालेल." तिने विचारलं, "किती दिवस चालेल?" मी म्हटलं, बघू. ते 'बघू' चाळीस वर्षं चाललं.

आता तुला वाटेल, या माणसाने माझ्या बापाचं नाव लाटलं आणि वर मोठेपणा मिरवतोय. मोठेपणा कुठला, फजितीच जास्त. सगीन गावात एका गृहस्थाने माझ्याकडून सही मागितली आणि 'एमिल कुबेना' वाचून कागद परत दिला, म्हणाला, "मला हॉलिसची हवी होती." माझी आई एकदाच नाचाला आली, पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली आणि घरी जाताना गाडीत म्हणाली, "तुझं नाव ठेवायला तुझ्या बापाने पाद्रीबाबांना धडधाकट हंस दिला होता. तो हंस तरी परत आण." एका शाळामास्तरणीशी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. ती दोन महिने हॉलमध्ये येऊन बसली आणि एक दिवस मला शांतपणे म्हणाली, "एमिल, तू मेलेल्या माणसाच्या नावाने वाजवतोस याचं मला काही नाही. पण ती बाई हाक मारते तेव्हा तुझा चेहरा जसा होतो तसा माझ्या हाकेला कधी होत नाही." मी तिला म्हटलं, काहीतरीच. ती शहाणी होती, ती गेली. तिने बघितलेलं मला कळायला पुढे किती वर्षं लागली ते सांगत नाही, तू हसशील.

एक गोष्ट मात्र तुला माहीत असायला हवी. आमच्या बँडची तबकडी निघाली तेव्हा वेष्टनावर नावं छापताना तुझ्या आईने स्वतः उभं राहून 'स्टील गिटार: एमिल कुबेना' असं सगळ्यात वर घालायला लावलं. हाकेचं नाव तिच्या ताब्यात नव्हतं, छापायचं होतं.

आणि तबकडीचा विषय निघालाच आहे तर नॅशव्हिलचंही सांगतो, कारण तुला ते कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. तुझे वडील जाऊन वर्ष झालं असेल. तिकडच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीची दोन माणसं आली, गुळगुळीत बूट घातलेली. त्यांना तुझ्या आईचा आवाज हवा होता. फिडल नको, स्टील नको, मागे मंद व्हायोलिनं आणि संथ रडकी गाणी. त्यातला एकजण म्हणाला, "मॅडम, नवरा गेलेली बाई रडत गायली तर लोक वेडे होतील." आम्ही सातजण बाहेर पायरीवर बसून ऐकत होतो आणि मनातल्या मनात दुसरी नोकरी शोधत होतो. तुझी आई म्हणाली, "माझ्या गाण्यावर लोक नाचतात. रडायला त्यांना घरी जागा आहे. मलाही आहे." त्यांना तिने पाईचा तुकडा खायला घातला आणि निरोप दिला. त्यानंतर तिला तसं बोलावणं परत आलं नाही. तिचं नाव टेक्ससच्या बाहेर गेलं नाही याला एवढंच कारण आहे, आवाज नव्हे. तीन आठवड्यांत ती मंचावर उभी राहून नाचाची गाणी म्हणायला लागली, म्हणजे तिला काही वाटलंच नाही, असं तू एकदा फोनवर तिला म्हणाली होतीस. फोन ठेवल्यावर तिने मला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. तिला जे वाटलं ते तिने विकलं नाही, रोनेल. दर शनिवारी ती एकदा त्यांना नावाने हाक मारायची आणि त्या हाकेला उत्तर यायचं. तिचा शोक तेवढाच होता आणि तो तिने सगळ्यांना नाचायला लावून केला.

बाई म्हणून तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं याचं तर वेगळं पत्र होईल. फोर्ट वर्थला एका हॉलवाल्याने दारातच विचारलं, "बँडचा मालक कुठाय?" तुझी आई म्हणाली, "तुमच्यासमोर उभा आहे, लिपस्टिक लावून." आम्ही ते पुढे वर्षभर एकमेकांना ऐकवत होतो.

गेल्या हिवाळ्यात ऑस्टिनहून तीन तरुण मुलं आली होती, इस्त्रीचे जुन्या घाटाचे शर्ट घालून. त्यांना हे गाणं शिकायचं आहे. आता म्हणे तिकडे पुन्हा लोक नाचायला लागलेत. त्यांनी वही उघडून तुझ्या आईला विचारलं की कुणी कधी वाजवायचं याचा क्रम तुम्ही कसा लावायचात. ती म्हणाली, "क्रम कसला? चेहरे बघायचे. ज्याच्या हाताला खाज सुटलीय त्याला बोलवायचं. दारू प्यायलेल्याला शेवटी. आणि कुणी घरून दुःखी होऊन आला असेल तर त्याला सगळ्यात आधी." मुलांनी लिहून घेतलं. मी तिथेच स्टीलच्या तारा पुसत बसलो होतो. माझी आई गेली त्या आठवड्यात आणि दुकानाला आग लागली त्या आठवड्यात पहिल्याच गाण्यात पहिली हाक मला आली होती, हे माझ्या त्या वेळी लक्षात आलं. चाळीस वर्षं मला वाटत होतं की ती नाव दुसऱ्याचं घेते. बघत ती माझ्याकडेच होती.

आता या वसंतातली गोष्ट सांगतो आणि मग प्रश्न. नाच आता रविवारी दुपारी असतो, आम्हा म्हाताऱ्यांना ते सोयीचं पडतं. मार्चमधला रविवार होता, हॉल निम्मा भरलेला. तुझी आई गात होती, दुसरं कडवं संपलं, ती माझ्याकडे वळली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "घे, एमिल!"

आणि मी बसून राहिलो. खरं सांगतो, मी बसून राहिलो. मला वाटलं, ती तिकिटं फाडणाऱ्या एमिल सिकोराला काहीतरी सांगतेय. मी दाराकडे बघितलं. तिकडे एमिल सिकोरालाही तसंच वाटलं, तो बिचारा टेबलामागून उठून उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून 'मी?' असं विचारू लागला. अख्खं कडवं नुसत्या ढोलावर आणि बासवर गेलं. नाचणारे फिरत राहिले, त्यांना काय, ठेका होता. तुझ्या आईला इतकं हसू आलं की तिला पुढची ओळ म्हणता येईना. भर गाण्यात तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. डोळे पुसत पुसत तिने परत हाक मारली, "अरे तूच, स्टीलवाल्या. एमिल कुबेना." मग मी वाजवलं. इतकं वाईट मी शाळेतसुद्धा वाजवलं नव्हतं, हातातली सळई तारेवर ठरत नव्हती. शेवटी सवयीने शेपटीपाशी आलो आणि थांबलो. वाटलं, आज ही आपली नाही. ती जागा रिकामी राहणार होती. तुझ्या आईने ओठ मिटून ते चार सूर स्वतः गुणगुणले आणि पुढचं कडवं उचललं.

नाच संपल्यावर आम्ही तिच्या स्वयंपाकघरात कॉफी घेत बसलो होतो, सोबत कोलाचे होते, आमचे ते जर्दाळू भरलेले गोड पाव. मी विचारलं, "हे आज काय काढलंत?" ती म्हणाली, "आज नाही. दोन महिने भांडी घासताना म्हणून बघतेय. एमिल, एमिल, एमिल. शेजारणीला वाटलं मी मांजर पाळलंय." मी विचारलं, "पण आता का?" तिने कप बशीत ठेवला. मग म्हणाली, "हॉलिसला मी चाळीस वर्षं दर आठवड्याला उठवून वाजवायला लावलं. दमला असेल तो. आता त्याला बसू दे."

 तुला माहीत आहे मी हवापाण्यावर जातो. त्या दिवशी तिथेही गेलो नाही. तिचा हात टेबलावर होता, त्याच्यावर मी माझा ठेवला आणि जे मला कितीतरी वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. 'मिस वेल्डा' म्हणूनच विचारलं, दुसरं मला म्हणता येत नाही. ती म्हणाली, "मला हो म्हणायचंय. पण आधी रोनेलला विचार. मी विचारलं तर ती मला दुखवायला नाही म्हणेल किंवा मला दुखवू नये म्हणून हो म्हणेल. मला दोन्ही नकोत. तू विचार. तुझी तिला भीड नाही."

तर रोनेल, आमच्याकडे मुलीचा हात तिच्या वडिलांकडे मागतात. तिचे वडील गेले, भाऊ गेले. तुझ्या वडिलांकडे मागता येत नाही, त्यांना माझं मनातल्या मनात विचारून झालं आहे. उरलीस तू. मी तुझा बाप व्हायला येत नाही, ती जागा भरलेली आहे आणि ती भरलेलीच राहावी म्हणून मी माझ्या परीने राखण केली आहे. मला तुझ्या आईशी लग्न करायचं आहे. तुझी परवानगी आहे का? नाही लिहिलंस तर तेही मी तिला वाचून दाखवीन, तुझ्यावर एक शब्द बोलणार नाही, आणि बिघडणार काहीच नाही. येत्या रविवारी दोन वाजता मी नेहमीसारखा तिच्या डाव्या हाताला बसलेला असेन. ती हाक मारेल आणि मी वाजवीन. फक्त पाच वाजता हॉलचे दिवे मालवले की ती तिच्या गाडीने तिच्या घरी जाईल आणि मी माझ्या गाडीने माझ्या. इतकी वर्षं तसंच गेलो. आता मला तिच्याबरोबर एका गाडीतून घरी जायचं आहे.

तुझाच, जो कोणी तू ठरवशील तो,
एमिल कुबेना